आधी पाणी, मग जंगल, विमान सगळ्यात शेवटी

पत्र: आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. जानेवारीअखेर दहा दिवसांची रजा काढून अंदमानला जायचं ठरतंय. मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिला फोटोपुरतं स्कूबा नको, रीतसर शिकायचंय. पोहायला तिला चांगलं येतं. मिस्टर ४९ वर्षांचे, पक्षी आणि जंगल यांचं वेड, बीपीची गोळी चालू आहे. मला पोहता येत नाही. मुलगा नऊ वर्षांचा. एजंटने आखलेला कार्यक्रम सोबत जोडलाय: उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी बारातांग, मग हॅवलॉक, मग नील, आणि शेवटच्या दिवशी सकाळी नॉर्थ बेला सगळ्यांचं स्कूबा करून दुपारी दोनचं विमान. डिगलीपूरही बसवून देतो म्हणतो. मुलीचा कोर्स यात कुठे बसेल? हे सगळं नीट पार पडेल ना?
– एक वाचक, सांगली

ताई, कार्यक्रमातली शेवटची ओळ आधी खोडा. सकाळी नऊला समुद्राखाली आणि दुपारी दोनला विमानात, हे कुठल्याही परिस्थितीत करू नका. बाकीचा कार्यक्रम याच एका गोष्टीभोवती नव्याने मांडावा लागेल.

पाण्याखाली आपण टाकीतली हवा दाबाखाली घेत असतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत नेहमीपेक्षा जास्त विरघळतो. वर आल्यावर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो, पण त्याला कित्येक तास लागतात. तो पुरता निघायच्या आत बाहेरचा दाब आणखी उतरला, तर अंगात त्याचे बुडबुडे धरतात. विमान अकरा किलोमीटरवरून उडत असलं तरी आतल्या हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या इतका ठेवलेला असतो. महाबळेश्वर आहे १३७२ मीटरवर. म्हणजे समुद्रातून निघून पाच तासांत तुम्ही चौघं महाबळेश्वरच्याही वर जाऊन बसणार होता. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते की एकच डाइव्ह झाली असेल तर विमानाआधी किमान १२ तास जाऊ द्या. एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस झाल्या असतील तर किमान १८. तुम्ही २४ धरा. पूर्ण दिवस मोकळा सोडला की तासांचा हिशेब चुकायची भीती राहत नाही.

डाइव्हनंतर सांधा ठणकायला लागला, हातापायांना मुंग्या आल्या, गरगरलं किंवा कारण नसताना अंगातलं बळ गेल्यासारखं वाटलं, तर "दगदग झाली असेल" म्हणून झोपून जाऊ नका. तडक डाइव्ह सेंटरला सांगा. अशा वेळी पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन, आणि तो बोटीवर असायलाच हवा. बुकिंग करतानाच विचारा: ऑक्सिजन किट आहे का, आणि काही झालंच तर कुठे नेता? या प्रश्नाला जो लगेच आणि नेमकं उत्तर देतो, त्याच्याकडे जा.

आता दिवस. जाण्याच्या बाबतीत सांगलीकरांची एक सोय आहे: मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रीत बंगळूर, आणि तिथून थेट विमान. रजेच्या आदल्या दिवशी निघा. पहिला दिवस बंगळूरला, मुक्काम विमानतळाच्या बाजूला. शहरातून पहाटे तिकडे पोचताना जीव टांगणीला लागतो. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअर, दुपारी सेल्युलर जेल. तिसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीबोटीने हॅवलॉक. तिसरा ते सहावा दिवस तिथेच, मुलीचा कोर्स आणि तुमची एखादी डाइव्ह. सहाव्या दिवशी दुपारी पाण्याखालचं काम संपलं पाहिजे. सातवा आणि आठवा दिवस जंगल, पक्षी, किनारे. आठव्या रात्री काहीही करून पोर्ट ब्लेअरला, नवव्या दिवशी विमान आणि रात्रीची गाडी, दहाव्या दिवशी मिरज.

आठव्या रात्रीचा आग्रह धरायला दुसरंही कारण आहे. बेटांमधल्या फेऱ्या वारा वाढला की रद्द होतात, आणि रद्द झाल्याचं कधी कधी त्याच सकाळी कळतं. ज्यांचं विमान त्याच दुपारी असतं, त्यांचं तिकीट बुडतं. तिकिटं काढताना नावांनी गोंधळू नका: हॅवलॉक आता स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप आहे (२०१८ पासून), तर पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. घड्याळाचंही लक्षात ठेवा. अंदमान खूप पूर्वेला, पण वेळ भारतीयच. जानेवारीअखेर सूर्य सहाच्या आधी उगवतो आणि साडेपाचच्या आत मावळतो. सांगलीच्या सवयीने चारला चहा घेऊन फिरायला निघालात, तर पोचेपर्यंत अंधार.

डिगलीपूर या वेळी सोडा. पोर्ट ब्लेअरपासून रस्त्याने जवळपास अख्खा दिवस जायला, अख्खा यायला. तिथे कालीपूरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, सॅडल पीक हा ७३२ मीटरचा डोंगर चढता येतो, आणि हे सगळं सवडीने बघण्यासारखं आहे. दहा दिवसांत कोंबलंत तर आठवणीत फक्त गाडीची सीट राहील.

मुलीसाठी जो कोर्स बघायचा त्याला ओपन वॉटर म्हणतात. पॅडी आणि एसएसआय या दोन्ही संस्थांचे चालतात; कार्ड जगभर मान्य असतं आणि त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पंधराव्या वर्षी तिला मोठ्यांचंच कार्ड मिळेल. त्याहून लहान मुलांचं ज्युनियर कार्ड असतं. कोर्समध्ये तीन भाग: थिअरी, उथळ बंदिस्त पाण्यातला सराव, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. थिअरी ऑनलाइन असते. ती डिसेंबरमध्ये घरी संपवून घ्या, नाहीतर हॅवलॉकला जाऊन पोरगी खोलीत बसून धडे वाचत बसेल. पोहण्याची चाचणी २०० मीटर सलग, वेळेचं बंधन नाही, आणि मग दहा मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगणं. २५ मीटरच्या तलावात आठ लांब्या. पोहणाऱ्या मुली २०० मीटर सहज काढतात, तरंगण्यात मात्र अडखळतात, कारण तलावात कुणी दहा मिनिटं स्वस्थ पडून राहत नाही. तेवढा सराव आत्तापासून करून घ्या.

एका प्रशिक्षकामागे शिकणारे चारपेक्षा जास्त नकोत, हे आमचं मत. नियम याहून जास्त चालवून घेतात. पण पाण्याखाली एकाचा मास्क भरला की प्रशिक्षकाचं बाकीच्यांकडे लक्ष राहत नाही.

सगळ्यात जास्त लोकांचा घोळ होतो तो कानांशी. आंबोली घाट उतरताना कानाला दडे बसतात ना? त्या सबंध घाटात दाबाचा जो फरक पडतो, तो पाण्यात जेमतेम पाऊण-एक मीटर उतरण्याइतका असतो. घाटाला अर्धा तास लागतो, पाण्यात तेच दोन सेकंदांत होतं. म्हणून दडा बसायची, दुखायची वाट बघायचीच नाही. डोकं पाण्याखाली जातानाच पहिल्यांदा नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटलेलं ठेवून नाकात हलकेच हवा फुंकायची, "टक्" झालं की खाली. मग दर अर्ध्या मीटरला पुन्हा. पहिल्या दहा मीटरांत दाब दुप्पट होतो, तेव्हा खरी काळजी तिथेच घ्यायची. कान उघडला नाही तर तिथेच थांबा, हाताने खूण करा, अर्धा-एक मीटर वर या, पुन्हा फुंका. दुखत असताना जोर लावून फुंकणारे पडदा फाडून घेतात: घशातून कानाकडे जाणारी नळी दाबाने एकदा चिकटली की जोराने ती उघडत नाही, उलट आतल्या कानाला धक्का बसतो. सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचं नाही, कारण तिचा असर पाण्याखाली असतानाच उतरला तर वर येताना हवा आत अडकते.

दुसरा नियम कोर्सच्या पहिल्या तासाला सांगतात, तरी इथे लिहितो, कारण तुम्हीही एखादी डाइव्ह कराल: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवरून छातीत हवा कोंडून वर आलात तर ती हवा फुगून दुप्पट होते आणि फुफ्फुस फाटू शकतं. वर यायचा वेग मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नको. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. टाकी साधारण २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेली असते, आणि ५० बार शिल्लक असतानाच पाण्याबाहेर असायचं. नवख्यांची हवा लवकर संपते, कारण ते हात मारतात आणि भराभर श्वास घेतात. मुलगी पहिल्या दिवशी लवकर वर आली तर नाराज होऊ देऊ नका.

मिस्टरांचं काय? डाइव्हआधी एक वैद्यकीय फॉर्म भरावा लागतो. त्यात पंचेचाळिशी, बीपी, दमा, कानाची शस्त्रक्रिया, चालू गोळ्या असं सगळं विचारलेलं असतं. बीपी किंवा चालू गोळ्यांच्या प्रश्नाला "हो" आलं की डॉक्टरांची सही लागते. ती सही हॅवलॉकच्या जेटीवर मिळत नाही. मग लोक काय करतात, तर तिथे बसून सगळीकडे "नाही" लिहितात. हे करू नका. फॉर्म आत्ताच उतरवून घ्या आणि गोळ्यांच्या पाकिटासकट तुमच्या फिजिशियनकडे जा. सांगली-मिरजेत चांगल्या डॉक्टरांची वाण नाही. बीपी आटोक्यात असेल तर बहुतेक वेळा परवानगी मिळते, पण गोळी कोणती आहे यावर बरंच ठरतं. बीटा ब्लॉकर असेल तर दमछाक झाल्यावर हृदयाची गती हवी तेवढी वाढत नाही, आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारताना ते अंगाशी येतं. डॉक्टरांनी ईसीजी किंवा ट्रेडमिल टेस्ट सांगितली तर आनंदाने करा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. मिस्टरांना मिशा असतील तर आणखी एक: मास्क मिशीवर नीट बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. नाकाच्या खालची केसांची बारीक रेघ कापून घेतली की पुष्कळ फरक पडतो. नाहीतर सिलिकोन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको, त्याने मास्क खराब होतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क आधी सांगून ठेवा.

पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षकाबरोबरची एक ओळखीची डाइव्ह करता येते. खोली १२ मीटरपेक्षा जास्त नसते आणि प्रशिक्षक पूर्णवेळ तुमच्या टाकीला धरून असतो. तुमच्यासाठी अडचण पोहण्याची नाही, नाकाची आहे. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं की नवखी व्यक्ती नाकाने श्वास ओढते, ठसका लागतो, आणि ती सगळं सोडून वर धावते. म्हणून घरी एक करा. मोठ्या टबात पाणी भरा, तोंडात स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) धरा, मास्क न लावता चेहरा पाण्यात बुडवा आणि फक्त तोंडाने श्वास घेत राहा. पहिल्या वेळी दहा सेकंदांत मान वर याल. आठवडाभरात सलग पाच मिनिटं जमायला लागेल. तेवढं जमलं की समुद्रात मास्क भरला तरी घाबरणार नाही: मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, वर बघायचं, नाकाने हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं.

जमलं तर डिसेंबरमध्ये एक शनिवार-रविवार तारकर्लीला काढा. एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, सरावाला तलाव आहे. मालवणला पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण कान उघडतात का आणि पाण्याखाली तुम्हाला कसं वाटतं, हे हॅवलॉकचे पैसे भरायच्या आधी कळेल. शनिवारी डाइव्ह करा, रात्री तिथेच राहा आणि रविवारी परता. घाटमाथा ओलांडणं हेसुद्धा उंचीवर जाणंच आहे, आणि सांगली स्वतःच समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. उथळ पाण्यातल्या एका डाइव्हला धोका थोडा, पण सवय आत्तापासून लागलेली बरी. सातारकरांना तर आणखी वर चढायचं असतं.

तारखा अजून ठरल्या नसतील तर भिंतीवरची दिनदर्शिका काढा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, प्रवाह जोराचे, पाणी ढवळलेलं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी शांत. कोर्सच्या डाइव्ह अष्टमीच्या दोन-तीन दिवस मागेपुढे आल्या तर मुलीचं शिकणं सोपं होईल. नीलला समुद्राने कोरलेली दगडी कमान आहे, ती मात्र ओहोटीलाच गाठता येते, आणि ओहोटी जितकी मोठी तितकं आजूबाजूच्या डबक्यांत जास्त दिसतं. तिथे खडकांवर चालताना पकड असलेल्या चपला घाला, प्रवाळावर पाय देऊ नका.

सातव्या-आठव्या दिवसाला नील किंवा बारातांग, दोन्हींपैकी एकच. बारातांगला चुनखडीच्या गुहा आणि खारफुटीतून जाणारी बोट छान आहे, पण पहाटे साडेतीनला निघून जिरकटांगच्या नाक्यावर ताफ्यात उभं राहावं लागतं, आणि रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत, काही खायला द्यायचं नाही. तो रस्ता बंद करायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, तरी वाहतूक चालूच आहे. "जारवा दिसतील" असं सांगून कुणी सहल विकत असेल, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. ती माणसं आहेत, आणि ते त्यांचं घर आहे. तुमच्या मिस्टरांना जे हवंय ते त्या रस्त्याला न जाताही मिळतं.

पोर्ट ब्लेअरपासून दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर चिडिया टापू आहे. पक्ष्यांसाठी आठव्या दिवशी दुपारी तीनला तिथे पोचा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. अंदमान काळा सुतार, अंदमानी कोतवाल, अंदमानचा भारद्वाज हे जगात फक्त याच बेटांवर दिसणारे पक्षी तिथल्या झाडांत असतात, आणि काळोख पडला की घुबडं बोलायला लागतात. त्यासाठी नीलहून सकाळची फेरी घ्यावी लागेल. सिप्पीघाटलाही जरूर थांबा. २००४ च्या त्सुनामीच्या भूकंपात तिथली जमीन खचली आणि भाताच्या शेतांत खारं पाणी शिरलं ते कायमचं. पुराचं पाणी ओसरताना पाहिलेल्या सांगलीकराला ते शेत बघून काय वाटेल, हे वेगळं सांगायला नको. आता तिथे पाणपक्षी उतरतात, अंदमान टील नावाचं बदकही. माउंट हॅरियट, म्हणजे आताचं माउंट मणिपूर, साधारण ३८३ मीटर आहे. शेवटच्या डाइव्हनंतर दोन दिवस गेलेले असल्याने तेही चालेल, पण वेळ एकाच ठिकाणाला पुरेल.

कृष्णेत मगर असते हे तुम्हाला ठाऊक आहे. अंदमानातली खाऱ्या पाण्यातली, कितीतरी मोठी, आणि समुद्रातून पोहत जाते. किनाऱ्यावर मगरीचा फलक दिसला, किंवा खाडीचं तोंड आणि खारफुटी जवळ असली, तर तिथे पाण्यात उतरू नका, संध्याकाळी तर नाहीच. हॅवलॉकच्या वाळूत बारीक माश्या चावतात, आठवडाभर खाज राहते. वाळूवर नुसतं लोळू नका, चटई घ्या, पायांना खोबरेल चोपडा. शंख, प्रवाळ काही पिशवीत घालून आणू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा.

राहिला मुलगा. समुद्रातल्या डाइव्हला वय दहा पूर्ण लागतं, तेव्हा एजंट "चालतंय की" म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा. त्याला स्नॉर्केलिंग भरपूर करू द्या, लाइफ जॅकेट घालून, सकाळच्या शांत पाण्यात. भाड्याने मिळणारे मास्क मोठ्यांच्या मापाचे असतात, म्हणून त्याचा मास्क इथूनच घेऊन जा. दुकानात पट्टा न लावता त्याच्या चेहऱ्याला टेकवा आणि त्याला नाकाने श्वास आत ओढायला सांगा. हात काढल्यावरही मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो त्याच्या मापाचा.